तीन ग्रॅम

लामारामावशीच्या स्वयंपाकघरात तराजू आहे,
वजनं केव्हाच हरवली.
एका पारड्यात ती तीन कोपेकचं नाणं ठेवते.
ज्या देशाचं हे नाणं, तो देश आता नाही,
त्यात काडेपेटीतली एक काडीही येत नाही.
तरी भरतं ते बरोबर तीन ग्रॅम,
तेव्हाही, आजही.

दुसऱ्या पारड्यात आमची पानं,
मी आणि झुरानं मे महिन्यात खुडलेली,
ओझुर्गेतीच्या वरच्या अंगाला, जिथे
चहाची झुडपं तीस वर्षांत झाडं होऊन बसली
आणि नेच्यानं पायवाटा गिळल्या.
माळ्यावर पसरून कोमेजवलेली,
मनगटं भरून येईपर्यंत वळलेली.
माझे तळहात अजून तपकिरी आहेत,
साबणाला दाद देत नाहीत.

पाच दिवसांच्या पाच खेपा, पाच वाट्या.
"गुणगुणणारं पाणी नको, ओरडणारं हवं."
झाकण. पाच मिनिटं.
घड्याळाकडे ती बघत नाही.
खिडकीतून शेजाऱ्याच्या डुकरांना शिव्या घालते,
शिव्या संपतात
तेव्हा बरोबर वेळ झालेली असते.

मग चमचा. मग तो आवाज,
कापड टरकावल्यासारखा,
पाहुण्यांत केला असता तर आईनं हात उगारला असता.
घोट टाळूवर आदळतो, गालांत फिरतो,
नाकाच्या मागून वर चढतो
आणि इनॅमलच्या बादलीत पडतो.

पहिली वाटी: "गवत."
दुसरी: "घाई. रात्री झोप आली ना?
पान पुरतं तांबूस व्हायच्या आत भट्टीत घातलंत."
झुरा खाली बघतो. झोप त्याला आली होती.
तिसरी: "धूर. लाकूड ओलं होतं."
चौथीला नुसती मान. बादली.

पाचवीपाशी ती थांबते.
ओली पानं झाकणावर उलटी करून
नाक अगदी टेकवते त्यांना.
पुन्हा एक चमचा.
"मध आहे थोडा. मागाहून वाळलेलं जर्दाळू.
आणि तुरटपणा असा, की जीभ आपलीच आहे हे कळावं."
आणि तोही घोट, बादलीत.

वहीत लिहिते: साडेचार.
"दहापैकी?" झुरा विचारतो.
"मग काय वीसपैकी?"

मी पाठ करून वाट्या विसळायला घेते.
गाडी विकली होती आम्ही त्या भट्टीसाठी.
कुणीच काही बोलत नाही,
फक्त नळ.

मग तीच बोलते, नाण्याला फडकं लावत:
"फॅक्टरीत एकोणीस वर्षं माझी जीभ सरकारजमा होती.
यंत्रं पानांबरोबर फांद्या कापून आणायची,
एकदा अख्खा सरडा आला.
उकळलं की ओल्या पोत्याचा वास.
पण आकडा पुरा व्हायला हवा असायचा,
मी लिहायची साडेपाच. सणाच्या आधी सहा.
जिभेला हाड नसतं म्हणतात,
माझ्या तर बोटांनाही नव्हतं.
चव घ्यायला तोंड लागतं, पोरी,
तोंडदेखलं लिहायला काहीच लागत नाही.
पेट्यांवर शिक्का, पेट्या आगगाडीत, गाडी उत्तरेला.
तिकडे कुठेतरी थंडीत
कुणी बाई माझ्या सह्यांचा चहा करून
नवऱ्यापुढे ठेवत असेल, आणि तो म्हणत असेल,
तुला साधा चहासुद्धा जमत नाही.

हे साडेचार
मी चाखून दिलेत."

वही मिटते. नाणं कपाटात, साखरेच्या डब्यामागे.
"ऑगस्टची खुडणी आणा. लाकूड सुकं वापरा.
आणि ह्याला दुपारी झोपू दे."

उतरताना संध्याकाळ झाली होती,
कुंपणापाशी चिखलात डुकरं लोळत होती.
झुरा थांबला, फळ्यांवर कोपरं टेकली
आणि त्यांना मोठ्यानं सांगू लागला:
साडेचार! ऐकलंत का रे,
साडेचार!